मास्तरांना शाल पाहिजे होती

मानवतच्या आमच्या सेवा मंडळात एक रीत होती. ज्याच्या अंगावर शाल पडली तो कामातून सुटला. ही रीत कुणी बसून ठरवलेली नव्हती, पण मोडलेली मी कधी पाहिली नाही. एकदा सत्कार झाला, हार घातला, हातात नारळ दिला, की पुढच्या वर्षीपासून त्या माणसाला पहिल्या रांगेत खुर्ची. मग त्याला कुणी सतरंजीचं टोक धरायला सांगत नसे. सांगणं बरं दिसत नसे. म्हणून हातपाय चालणारी माणसं सत्काराला भ्यायची. मंडळाचे खजिनदार, बियाण्याच्या दुकानाचे मालक, त्यांचा सत्कार ठरला की नेमके त्या दिवशी परगावी निघून जायचे.

अशा मंडळात मास्तरांनी स्वतःच्या तोंडानं शाल मागितली तेव्हा बैठकीत हसू पिकलं.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्या हिवाळ्यातली गोष्ट. बैठक मोंढ्याजवळ, अध्यक्षांच्या कापडदुकानात गादीवर होती. डोळ्यांचं शिबिर तोंडावर आलं होतं आणि रोग्यांच्या खाण्याचं माझ्याकडे असायचं, म्हणून मला बोलावलेलं. मी सभासद नव्हे. दाराशी, चपलांच्या अलीकडे बसले होते.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, एसटीतले. कंडक्टरला मास्तरच म्हणतात. नोकरी संपून त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण गावाला त्यांचं दुसरं नाव आठवत नव्हतं. मंडळ निघालं तेव्हापासूनचे ते सभासद. व्यापाऱ्यांच्या मंडळात एक कंडक्टर कशाला, तर गावोगावचे म्हातारेकोतारे शिबिराला गाडीत बसवून आणायला. ते काम त्यांनी नोकरीत असताना रजा टाकून केलं आणि नोकरी सुटल्यावर रजा न टाकता.

"यंदा उद्घाटनाला माझा सत्कार ठिवा," मास्तर म्हणाले. "शाल-नारळ काय असंल ते."

अध्यक्षांनी पानाचा डबा बाजूला सारला. "मास्तर, ही काय मागून घ्यायची चीज हाय का?"

"रडल्याबिगर माय बी पाजत न्हाई, शेठ."

"म्हंजी आमी तुमाला उपाशी ठिवलं म्हणा की," खजिनदार म्हणाले. सगळे हसले. मास्तरही हसले.

"लय वर्षं झाली. टाका आता एकदाची अंगावर."

"टाकू की. पर तुमच्यावर टाकली तर रांग कोण चालवंल?" अध्यक्ष म्हणाले, आणि हसणं थांबलं. "तुमच्याबिगर शिबिर म्हंजी डायवरबिगर गाडी. पुढच्या साली बघू. पुढच्या साली दणक्यात करू."

समोरची चहाची बशी उचलायला मास्तरांनी हात घातला, तो बशीच्या अलीकडे गादीवर पडला. मग बोटं चाचपत पुढे गेली. बाकीचे तोपर्यंत मांडवाचं बोलायला लागले होते.

रांग म्हणजे काय ते सांगते. शिबिर मोंढ्यातल्या धर्मशाळेत भरायचं. डॉक्टर वर्षातून एकदाच यायचे, लांबून. मोतीबिंदू काढला की रोग्याच्या डोळ्यांवर हिरवी पट्टी. जमिनीवर गाद्यांची ओळ, तिच्यात उताणं पडायचं, मान हलवायची नाही, खोकायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ त्यांना अंगणापलीकडे संडासाला न्यावं लागे. एकेकाला न्यायला माणसं कुठून आणायची? मास्तरांनी युक्ती काढली होती. पुढच्याच्या खांद्यावर मागच्याचा हात, अशी लांब ओळ लावायची, आणि पुढे स्वतः हातात एसटीची घंटी घेऊन चालायचं. भंगारात निघालेली घंटी, आगारातल्या लोकांनी त्यांना निरोपाला दिलेली. एका काठीला बांधली होती. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसालाही ते कळायचं, कारण गाडीत सगळेच बसलेले. पट्टी बांधलेली माणसं घंटीवर निमूट निघायची, निमूट थांबायची. कुणाचा हात कुणाच्या खांद्यावर आहे हे फक्त आम्हालाच दिसायचं.

आता त्या रांगेपुढे चालणाऱ्यालाच दिसत नव्हतं.

उजवा डोळा पार पिकला होता. मागच्या शिबिरात डॉक्टर त्यांना म्हणाले होते, "मास्तर, आणखी एक हिवाळा असाच काढलात तर हा आतल्या आत फुटेल. मग मला बोलावू नका." डावाही ढगाळला होता. त्या वर्षी मास्तर म्हणाले, शेवटच्या दिवशी माझा काढा. शेवटच्या दिवशी पूर्णेकडून बैलगाडीत घालून माणसं आली, आणि मास्तर उठून घंटी घेऊन गेले. त्याच्या आदल्या वर्षीही तसंच काहीतरी झालं होतं.

बैठकीच्या आधी एकदा मी त्यांच्या ओट्यावर बसून त्यांना म्हटलं होतं, "सरळ सांगा ना मंडळात. डोळा करायचाय, यंदा काम जमणार नाही."

"सांगितलं की मागल्या साली," ते म्हणाले. "लोक परेमानं न्हाई म्हणतेत, माय. पाठीवर हात ठिवतेत, तुमच्याबिगर कसं म्हणतेत, अन् मी उठतो. शाल पडली की कुणाला मला उठवायला तोंड न्हाई राहायचं. अन् मला बी उठायला."

घरात त्यांच्या बायको, ज्यांना मी आक्का म्हणे, तांदूळ निवडत होत्या. त्या आतूनच म्हणाल्या, "नोकरीत असताना रिटायर व्हायला कागुद तरी आला. ह्या फुकटच्या नोकरीतून सुटायला शाल लागायलीय."

म्हणून त्या बैठकीत, मांडवाचं बोलणं चाललेलं असताना, माझ्या तोंडून निघून गेलं, "रांग मी चालवीन."

सगळे वळून बघायला लागले. माझा जीव जातीचा भित्रा. चूल विझवली की नाही हे घराबाहेर पडल्यावर परत येऊन बघणारी मी.

"वहिनी, तुमी पेज बघा," खजिनदार म्हणाले, वाईट न वाटेल अशा आवाजात.

"पेज होते दुपारपर्यंत. रांग सकाळ-संध्याकाळ असते," मी म्हटलं. हे मी कुठून आणलं कोण जाणे. अध्यक्षांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर बशीतला चहा पीत होते. बशीआड त्यांचं तोंड दिसत नव्हतं.

"मग ठिवू सत्कार," अध्यक्ष म्हणाले.

मी हे का केलं ते मंडळात कुणाला ठाऊक नव्हतं.

मी इथली नव्हे. माझं माहेर कोकणात, खाडीच्या काठी. पाचवीत शाळा सुटली, धाकट्या भावंडांना सांभाळायला. नवरा आमच्याच बाजूचा, मानवतच्या जिनिंगमध्ये फिटर. लग्न होऊन आले तेव्हा इथलं काही म्हणता काही मला कळेना. माणसं बोलायची ते अर्धं कळायचं. भाकरी थापता येत नव्हती. सीझनमध्ये नवरा कापसाचं पीस अंगावर घेऊन यायचा आणि न बोलता झोपायचा. पाणी लांबून आणायचं. खारा वारा नाही, नारळ फक्त देवापुढे. एके दिवशी मी दोन लुगडी पिशवीत घातली आणि घर सोडून निघाले. परभणीला जाऊन आगगाडी पकडायची, पुढचं पुढे. स्टँडवर पाट्या वाचता येत होत्या, पण डोळ्यांत पाणी होतं, आणि मी उलट दिशेच्या गाडीत बसले. जाग आली, म्हणजे भान आलं, तेव्हा गाडी देवगाव फाट्यावर रिकामी झाली होती.

चारी बाजूंना नुसती मोकळी रानं, काळी. एक चहाची टपरी. मी सीटवरून उठेना. कंडक्टर मागं आले. वयानं माझ्या वडिलांएवढे. पिशवीकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"कुठली गं माय तू?"

मी मानवत म्हणाले नाही. माहेरच्या गावाचं नाव सांगितलं. ते त्यांनी कधी ऐकलेलं असण्याचं कारण नव्हतं.

"लय लांब हाय म्हण की," ते म्हणाले. "ही गाडी तिथवर जात न्हाई. मानवतपर्यंत जाती." आणि टपरीवरून चहा आणून दिला. बाकी एक अक्षर विचारलं नाही. परतीच्या वाटेवर मला पुढच्या सीटवर बसवलं. मानवतला उतरल्यावर आधी आपल्या घरी नेलं. आक्कांनी मला परातीपुढे बसवलं आणि पिठावर पाणी कसं धरायचं ते दाखवलं. संध्याकाळी मास्तरांनी मला घरी सोडलं, आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "आमच्या मंडळीनं तुमच्या मंडळीला भाकरी शिकवायला ठिवून घेतलं होतं. न सांगता नेली, आमचं चुकलं." नवरा ओशाळून हसला. पुढे त्यानं मला कधी काही विचारलं नाही.

मास्तरांचं स्वतःचं गाव ताडकळसच्या बाजूला. विद्यापीठाच्या नावाचा वाद पहिल्यांदा पेटला त्या वर्षी त्यांच्या वस्तीवर जे झालं त्यात त्यांनी गाव सोडलं आणि मानवतला खोली घेतली. हे मला आक्कांनी सांगितलं, तेही बऱ्याच वर्षांनी. मास्तर त्याविषयी एवढंच म्हणायचे, "बदली झाली." घरातून उठून निघालेल्या माणसाला काय विचारायचं नसतं ते त्यांना त्यामुळे माहीत असावं.

मला शिबिरात त्यांनीच आणलं. रोग्यांना चावायची बंदी असे. जबडा हलला की डोळ्याला ताण. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसांना काय द्यावं हा प्रश्न होता. मास्तर म्हणाले, "माय, तुमच्याकडं भाताचं ते पातळ करतेत न्हवं?" मी पेज केली. रोग्यांनी ती पहिल्या वर्षी नाक मुरडून प्यायली. "हे काय आंघोळीचं पाणी पाजायलेत," एक म्हातारी म्हणाली होती. पण प्यायली. त्या पेजेमुळे या गावात मला कुणीतरी काहीतरी मागायला लागलं, आणि मी राहिले.

तर, सत्कार.

उद्घाटन सकाळी होतं. मास्तरांचा डोळा दुपारी व्हायचा होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, फार ताटकळवू नका, ताण नको. पण भाषणं म्हटल्यावर कोण ऐकतं? अध्यक्ष बोलले. खजिनदार बोलले. एका वक्त्यानं मास्तरांना समाजाच्या गाडीचे सारथी म्हटलं, दुसऱ्यानं दीपस्तंभ. मास्तर मधोमध उभे होते, आणि स्टेजची कड कुठे संपते ते त्यांना दिसत नाही हे ठाऊक असल्यामुळे मी मांडवाच्या खांबाला धरून त्यांच्या पावलांकडे बघत होते. फेटा बांधला. हार घातला. शाल अंगावर पडली तेव्हा त्यांनी तिचा काठ बोटांत धरून चोळला.

"नवी आणलीया," ते हळूच म्हणाले. मंडळाची पाहुण्यांसाठी ठेवणीतली एक शाल होती, ती फिरून फिरून मऊ झाली होती.

"तुमच्यासाठी जुनी टाकतो काय?" अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज खरोखरच दाटला होता. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना मास्तर हवे होते, एवढंच.

मास्तरांना बोलायला सांगितलं. ते म्हणाले, "मंडळाचा मी आभारी हाय. आता मला जरा पडू द्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. विनोद वाटला असावा.

दुपारी डोळा झाला. मास्तरांना ओळीत, दारापासून तिसऱ्या गादीवर निजवलं. आक्का उशाशी बसल्या. शाल घडी करून डोक्याखाली घातली होती, उशी नको म्हणून. एवढ्या वर्षांत मी त्यांना आडवं झालेलं पहिल्यांदा पाहत होते. त्यांचे पाय गादीबाहेर येत होते.

दुसऱ्या दिवशी रांग लावायच्या आधीच बाहेर गडबड झाली. घोषणा झाल्याची बातमी आली. विद्यापीठाचं नाव बदललं. कुठे गुलाल, कुठे दगड, असं कानावर यायला लागलं, खरं-खोटं कळेना. पोलीस मोंढ्याच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. एसट्या बंद झाल्या. रात्री परभणीला मुक्कामाला गेलेले डॉक्टर तिकडेच अडकले. रोग्यांचे नातेवाईक, जे डबे घेऊन, आधाराला म्हणून येणार होते, ते आलेच नाहीत. मंडळाचे बरेच सभासदही आपापली दुकानं सांभाळायला घरी थांबले. धर्मशाळेत उरलो मी, आक्का, एक कंपाउंडर, आणि डोळे बांधलेली माणसं.

डोळे बांधलेल्या माणसाला बातमी जास्त ऐकू येते. एका भिंतीशी एक मोठे शेतकरी होते, सेलूकडचे, सत्तरीचे. चार गाद्या सोडून एक मजूर होता, बौद्धवाड्यातला. दोघे उताणे. आधी आढ्याकडे तोंड करून पुटपुटणं झालं, मग आवाज चढला.

"नाव बदलून काय ज्वारी जास्ती यायलीय का?" शेतकरी म्हणाले.

"तुमाला काय कळायचं नावाचं? तुमचं नाव कुणी काढून घेतलं न्हाई कवा," मजूर म्हणाला.

"कोण बोलायलाय रे तिकडून?"

"इकडून बोलायलोय. उठून बघा."

"उठतोच."

कंपाउंडर पळाला, पण कुणाकडे जावं ते त्याला कळेना. मी पेजेचं पातेलं धरून तशीच उभी. तेवढ्यात तिसऱ्या गादीवरून मास्तरांचा आवाज आला, एसटीतला, सगळ्या सीटांवर पोचणारा.

"भांडा. पर मान हलवू नका."



"हे कोण?" शेतकऱ्यांनी विचारलं.

"मास्तर."

"मास्तर, तुमी पट्टीत?"

"म्हातारपण काय फकस्त तुमालाच येतंय का, पाटील? भांडायचं तर भांडा, आमी बी ऐकू. मला बी दोन शब्द बोलायचेत, माझं बी घर गेलंय ह्याच्यात. पर आठ दिस थांबा. डोळे उघडल्यावर एकमेकांचं तोंड बघून भांडू. आता मान हलवली तर दोघांचा बी डोळा जाईल, अन् मग भांडताना बघायचं काय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. आक्का मास्तरांना म्हणाल्या, "तुमी बी बोलू नका. जबडा हलायलाय." त्यावर जास्त हसू झालं. मजूर नंतरही हळू आवाजात काहीबाही बोलत राहिला, शेतकरीही हुंकार देत राहिले, पण मानेला धक्का न लागता. मी पेज वाढली. थोडी सांडलीच.

मग रांग. तिची वेळ टळून गेली होती आणि लोक कळवळायला लागले होते. मी कंपाउंडरला मागे ठेवलं, ओळ लावली, हात खांद्यावर ठेवून दिले. ते पाटील सगळ्यांत पुढे होते. माझ्या खांद्यावर हात ठेवायला ते अवघडले, म्हणून मी पदराचं टोक त्यांच्या हातात दिलं. घंटी उचलली. दोन दिल्या. रांग हलली.

अंगणात माझ्या ध्यानात आलं नाही, धुतलेल्या हिरव्या पट्ट्या आणि चादरी कुणीतरी वाटेवरच दोरीवर वाळत घातल्या होत्या. समोर एकदम ओली भिंत. मला थांबवायचं होतं. घाबरून मी काठी झटकली, आणि घंटी दोनदा वाजली.

रांग आणखी जोरात निघाली. दोन घंट्या म्हणजे चला, आणि ती माणसं प्रामाणिक. मी बाजूला झाले, पाटील सरळ चादरीत शिरले, त्यांच्यामागून ओळच्या ओळ. दोरी ताणली. एकाच्या तोंडावर ओली पट्टी आली, तो "पाऊस आला का काय" म्हणाला. पाटील चादरीतून ओरडले, "मास्तर, गाडी कुठं घातली?"

आणि आतून गादी खसखसल्याचा आवाज आला. मी मागे वळून पाहिलं. धर्मशाळेच्या उघड्या दारातून तिसरी गादी दिसत होती. मास्तर कोपरावर उठले होते.

आक्कांनी त्यांच्या छातीवर हात ठेवला होता, पण त्यांच्या हातात तेवढा जोर नव्हता. मास्तरांचा एक पाय जमिनीवर आला होता. मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. बाकीच्यांचं ठीक, पण तुमचा डोळा फार पिकलेला; पहिले दोन दिवस उठून बसलात तर केलेलं सगळं पाण्यात. रांग चादरीत गुंतलेली, पुढे पायरी होती, आणि तिकडे तो पाय. मी कुणाकडे धावू?

"मास्तर," मी अंगणातूनच म्हणाले. ओरडले असेन. "उठायचं नाही. शाल पडली आहे तुमच्यावर."

ते थांबले.

"शाल पडलेल्या माणसानं काम करायचं नाही. मंडळाची रीत आहे. आता गाडी माझी आहे. तुम्ही प्रवासी."

त्यांचं तोंड माझ्याकडे नव्हतं, पट्टीमुळे ते भलतीकडेच बघत होते. मग त्यांनी पाय वर घेतला आणि हळूहळू परत उताणे झाले.

"एक दे की गं माय," आडवे पडूनच म्हणाले. "एक. मग चादर काढ."

मी एक दिली. काठी दोन्ही हातांनी धरून. रांग थबकली, जिथल्या तिथे, चादरीच्या आत. मी दोरी सोडली, चादरी काढल्या. पाटलांच्या खांद्यावर एक हिरवी पट्टी राहिली होती, ती मी घेतली. मग दोन दिल्या आणि पायरीपाशी एक, आणि कसेबसे जाऊन आलो.

त्या संध्याकाळी परत. दुसऱ्या दिवशी परत. एसट्या बंदच राहिल्या, त्यामुळे शिबिर लांबलं. तांदूळ संपला. मग आक्कांच्या सांगण्यावरून मी ज्वारीच्या पिठाची आंबील केली, ताक घालून. सगळी ओळ खूश झाली. "आता माणसाचं खाणं दिलं," पाटील म्हणाले. चार गाद्यांवरून मजूर म्हणाला, "ह्या एका बाबतीत खरं हाय." एवढी वर्षं माझी पेज त्यांनी कशी गिळली असेल ते मला त्या दिवशी समजलं. मी इतकी थकले होते की मला वाईटही वाटलं नाही.

पट्ट्या सुटल्या त्या दिवशी डॉक्टरांनी मास्तरांचा डोळा बराच वेळ बॅटरीनं पाहिला. म्हणाले, उशीर झालाच होता, पण वाचला. अगदी लख्ख नाही होणार, पण वाचला. जाड भिंगांचा चष्मा लावून दिला. मास्तरांनी आधी आक्कांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"माय," ते म्हणाले, "तू एवढी म्हातारी कवा झालीस?"

"रांग चालवून," आक्का म्हणाल्या.

पाटील आणि तो मजूर भांडले की नाही मला माहीत नाही. एसट्या सुरू झाल्यावर दोघे एकाच गाडीत बसून गेले, एवढं मी पाहिलं. पाटलांनी जाताना मला विचारलं होतं, मास्तर कोणत्या गावचे, कुणापैकी. मी म्हटलं, एसटीतले. त्यांनी मान हलवली. आता हलवायला परवानगी होती.

पुढच्या हिवाळ्यात उद्घाटनाला पहिल्या रांगेत मास्तरांसाठी खुर्ची मांडली होती, कापड टाकून. ती रिकामी राहिली. मास्तर आत होते, गादीवर. डाव्या डोळ्याचा नंबर त्यांनी स्वतः पहिला लावून घेतला होता, आणि अध्यक्षांना सांगितलं होतं की शाल पडलेल्या माणसाला मंडळानं पहिला नंबर द्यायला हरकत नसावी. अध्यक्ष नाही म्हणू शकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घंटी घेतली. माझी छाती तशीच धडधडत होती, ती अजूनही धडधडते, दर वर्षी. ओळ लावली. दोरी आधीच बघून घेतली होती, काही वाळत नव्हतं. मी तिसऱ्या गादीकडे पाहिलं. मास्तर काही सांगतील म्हणून जरा थांबले.

मग दोन दिल्या. घंटी मोठ्यानं वाजते ती. रांग निघाली. मास्तर उठले नाहीत, बोललेही नाहीत. आक्कांनी ओठांवर बोट ठेवून मला खूण केली. डोक्याखाली शाल होती, तोंड जरा उघडं, आणि त्यांना गाढ झोप लागली होती.